प्रीॲम्पचे सोवळे

गाणाऱ्या-वाजवणाऱ्या तरुण मुलामुलींकडून हल्ली एक वाक्य वारंवार ऐकू येते: "चांगला प्रीॲम्प घेतला की रेकॉर्डिंग सुरू करणार." अभंग बसवून तयार असतात, नव्या चाली वहीत पडून असतात. घरात आजीला ढीगभर ओव्या तोंडपाठ असतात, वडिलांचा भारुडाचा आवाज अजून खणखणीत असतो. आणि हे सगळे अडलेले असते ते दुकानातल्या एका डबीपाशी, जिची किंमत घरातल्या दोन-चार महिन्यांच्या पगाराएवढी आहे. ही समजूत मी नुसती तांत्रिक चूक मानत नाही. ती माणसाला हप्त्यांत अडकवते, गाणाऱ्याला स्वतःच्याच घरात गप्प बसवते, आणि ज्यांचा आवाज आजच टिपायला हवा त्यांना उद्यावर ढकलते. म्हणून तिच्याविषयी स्पष्ट बोलणे मला गरजेचे वाटते.

प्रीॲम्प करतो काय, ते आधी पाहू. माइकचा पडदा आवाजाने थरथरतो आणि त्यातून वीज निघते, पण ती फार थोडी. शुअर कंपनीचा एसएम ७बी हा नावाजलेला डायनॅमिक माइक घ्या. त्याच्या तोंडाशी ९४ डेसिबलचा, म्हणजे जवळून घेतलेल्या दमदार तानेएवढा आवाज पोहोचला, तरी त्यातून जेमतेम १ मिलिव्होल्ट बाहेर पडतो. पुढच्या यंत्रांना साधारण १ व्होल्ट लागतो. म्हणजे हजारपट वाढ हवी, डेसिबलच्या हिशेबात ६०. ही वाढ जे करते ते प्रीॲम्प. कंडेन्सर माइकच्या पोटातच एक छोटे सर्किट असते, त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा द्यावा लागतो. असा माइक त्याच तानेला वीसेक मिलिव्होल्ट देतो आणि मग पन्नासपट वाढीतही काम भागते. आज दहा ते वीस हजारांत मिळणाऱ्या कुठल्याही बऱ्या ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या डबीत, हे काम करणारा प्रीॲम्प बसवलेलाच असतो. मुले ज्याच्यासाठी थांबून राहतात तो याच्याही आधी जोडायचा वेगळा प्रीॲम्प. त्याच्या एका चॅनलची किंमत लाखाच्या वर सहज जाते.

आता हा महागडा प्रीॲम्प नेमके काय जास्त देतो? पहिले उत्तर येते, "नॉइज कमी होतो." इथे निसर्गाचा एक नियम आड येतो. कुठल्याही तारेत, कुठल्याही रोधात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सतत हलत असतात आणि त्या हालचालीची एक बारीक सळसळ असते. बेल लॅबोरेटरीजमधल्या जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये ती मोजून आणि गणिताने मांडून दाखवली. १५० ओहमच्या माइकसाठी ही सळसळ साधारण उणे १३१ डीबीयू (संकेताची पातळी मोजायचे डेसिबलमधले एकक) इतकी येते. लाख मोजा किंवा कोटी, तिच्या खाली कोणताही प्रीॲम्प जाऊ शकत नाही. आणि साध्या इंटरफेसच्या माहितीपत्रकात काय छापलेले असते? उणे १२७ ते उणे १२९. मोजण्याच्या पद्धतीतला थोडा फरक धरला तरी स्वस्त प्रीॲम्प आणि निसर्गाची सीमा यांत चार-पाच डेसिबलचेच अंतर उरते. लाखभर रुपये खर्चून तुम्ही फार तर एवढे अंतर विकत घेऊ शकता.

हेच आकडे खोलीच्या भाषेत मांडले की चित्र आणखी स्वच्छ होते. शहरातल्या फ्लॅटमध्ये रात्री, पंखा बंद करून, सगळे निजल्यावरही तीस-पस्तीस डेसिबलचा आवाज असतोच. लांबचा रस्ता, शेजारचा पाण्याचा पंप, आपल्याच घरातला फ्रिज. कंडेन्सर माइकची स्वतःची सळसळ या मापात पाच ते पंधरा डेसिबलची. आणि साध्या इंटरफेसमधल्या प्रीॲम्पची सळसळ त्याच मापावर आणली, तर ती शून्याच्या आसपास येते. म्हणजे खोलीच्या गोंगाटाच्या तीस-पस्तीस डेसिबल खाली. जी गोष्ट फ्रिजच्या घरघरीखाली इतकी खोल गाडलेली आहे, ती आणखी खोल पुरण्यासाठी कर्ज काढायचे कशाला? फ्रिज अर्धा तास बंद ठेवावा. डायनॅमिक माइकला मात्र वाढ जास्त लागते, त्यामुळे तिथे हीच सळसळ वीस-पंचवीस डेसिबलपर्यंत वर येते. तरीही ती पस्तीस डेसिबलच्या खोलीखालीच राहते.

एका भजनी मंडळातल्या मुलाने मला त्याचे रेकॉर्डिंग ऐकवले आणि म्हणाला, "दादा, आवाज पातळ येतो, घुमतो, मागे खरखर आहे. प्रीॲम्प बदलावा लागेल." गळा गोड, सुराला पक्का. मी त्याच्या खोलीत गेलो. दहा बाय दहाची खोली, खाली गुळगुळीत टाइल्स, चारही भिंती उघड्या. टेबल एका भिंतीला टेकलेले आणि त्यावर माइक, तोंडापासून पुरता हातभर लांब. डोक्यावर पंखा. लॅपटॉप चार्जरला जोडलेला आणि चार्जरचा प्लग दोन पिनांचा. मी खोलीच्या मध्ये उभा राहून टाळी वाजवली. टाळीमागून भिंतींच्या मधोमध चिर्र असा आवाज नाचत राहिला. तोच आवाज त्याच्या प्रत्येक शब्दाच्या शेपटीला चिकटला होता आणि तो त्याला प्रीॲम्पचा दोष समजत होता.

आम्ही टेबल भिंतीपासून ओढून काढले. आईने कपाटातून तीन गोधड्या काढून दिल्या. एक जमिनीवर अंथरली, दोन गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर टाकल्या. हे महत्त्वाचे, कारण माइक समोरून ऐकतो, आणि त्याच्या समोर गाणाऱ्यामागची भिंत असते. माइकची पाठ खिडकीकडे केली, कारण असा एका बाजूने ऐकणारा, म्हणजे कार्डिऑइड, माइक असला की त्याला पाठीमागचे सर्वांत कमी ऐकू येते. पंखा बंद केला. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवला आणि मागची गुणगुण तिथल्या तिथे थांबली. ती घरातल्या विजेची होती, अर्थिंग नसल्याने तारांतून आत शिरत होती. शेवटी माइक हातभर अंतरावरून एक वीत अंतरावर आणला.

या शेवटच्या गोष्टीवर थोडे थांबायला हवे. एक हात म्हणजे दोन विती. अंतर निम्मे झाले की थेट आवाज दुप्पट होतो, म्हणजे ६ डेसिबलने वाढतो, पण खोलीचा गोंगाट आहे तेवढाच राहतो. साध्या प्रीॲम्पपासून निसर्गाच्या सीमेपर्यंत जेवढे अंतर आहे, त्याहून जास्त फायदा या एका वितीने फुकटात दिला. फार जवळ गेले की खालचे सूर फुगतात आणि 'प', 'भ' फुटतात. म्हणून वीतभर अंतर ठेवायचे, तोंड किंचित तिरपे, मध्ये पॉप फिल्टर. तो नसेल तर कशिद्याच्या गोल चौकटीवर ताणलेला पातळ मोजाही चालतो.

मुलाने तोच अभंग पुन्हा म्हटला. इंटरफेस तोच, प्रीॲम्प तोच, माइक तोच. हेडफोन लावून त्याने दोन्ही ऐकले, काढले, पुन्हा लावले. त्याने पुढे जे विचारले ते मला फार मोलाचे वाटते: "मग हे कुणी सांगितलं का नाही?"

या प्रश्नाचे उत्तर नैतिक आहे. दुकानदाराला गोधडी विकता येत नाही. इंटरनेटवर उपकरणांची परीक्षणे करणाऱ्यांपैकी अनेकांना त्यांनी दिलेल्या दुव्यावरून झालेल्या खरेदीवर कमिशन मिळते, आणि 'माइक वीतभर जवळ आणा' या सल्ल्यावर कमिशन नसते. यात प्रत्येक जण लबाड आहे असे मी म्हणत नाही. पण जिथे सल्ला देणाऱ्याचा फायदा विक्रीत आहे, तिथे सल्ला विक्रीकडेच झुकतो. हे ओळखण्याची जबाबदारी आपली आहे, आणि नवख्याला ते ओळखायला शिकवण्याची जबाबदारी जाणत्यांची. स्टुडिओत वर्षानुवर्षे काढलेली माणसे हे सगळे जाणतात. त्यांतल्या कित्येकांनी शिष्यांना मोकळ्या हाताने शिकवले आहे. पण कित्येक गप्पही राहतात, कारण घरच्या घरी चांगले काम होऊ शकते हे लोकांना कळले तर आपली वट कमी होईल असे त्यांना वाटते. विद्या अशी राखून ठेवणे आपल्याकडे नवे नाही, आणि त्याने आपले किती नुकसान केले तेही आपल्याला नवे नाही.

आणखी एक प्रकार मला जास्त बोचतो. महाग यंत्रातून गेलेला आवाज तेवढा 'प्रोफेशनल', बाकी सगळा 'घरगुती', आणि घरगुती म्हणजे कमी दर्जाचा, अशी एक शिवाशिव तयार झाली आहे. रेकॉर्डिंग ऐकण्याआधीच विचारतात, "कशावर केलंय?" उत्तर आवडले नाही तर ऐकणेही संपते. आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला तेव्हापासून या महाराष्ट्राला सांगितले गेले आहे की रूढी बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहा, आणि टिकली नाही तर सोडा. ध्वनीच्या क्षेत्रातली ही रूढी तशी घासून पाहणे अवघड नाही. एकाच माइकचा संकेत दोन प्रीॲम्पमधून घ्या. दोन्हींची पातळी मोजून, डेसिबलच्या दहाव्या हिश्शापर्यंत, सारखी करा. कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी 'जास्त चांगला' वाटतो आणि निम्मा भ्रम तिथेच जन्मतो. मग कुठला कोणता हे लपवून दुसऱ्या कुणाला तरी वाजवायला सांगा. दहा वेळा ऐका, दहा वेळा नोंदवा. ज्याला फरक खरोखर कळतो त्याने जरूर महाग प्रीॲम्प घ्यावा. ज्याने ही परीक्षा कधी दिलीच नाही, त्याने दुसऱ्याला त्या खर्चात ढकलू नये.

महागड्या प्रीॲम्पमध्ये काहीच नाही, असे म्हणणेही खोटे ठरेल. रुपर्ट नीव्ह या ब्रिटिश अभियंत्याने १९७० मध्ये १०७३ हे मॉड्यूल रचले आणि पन्नास वर्षे उलटूनही स्टुडिओ त्याच्या मागे धावतात. याला कारण आहे. त्याच्या वाटेत ट्रान्स्फॉर्मर आहेत. संकेत जोरात ढकलला की त्यांचा लोखंडी गाभा थोडा भरून येतो आणि मूळ सुराच्या दुपटी-तिपटीच्या कंपनसंख्येचे बारीक स्वर त्यात मिसळतात. कानाला ते भरदार, गोलसर लागते. ही जादू नाही. तिचे मोजमाप होते आणि कारागिरी म्हणून ती आदराला पात्र आहे. पण तो रंग आहे, आणि तो चढतो जोरात ढकलल्यावर. हळुवार पातळीवर नीव्ह आणि साधा इंटरफेस यांतला फरक फार थोडा उरतो. शिवाय गाण्याला तो रंग हवा की नको हा प्रश्न निराळाच. ख्यालगायकाच्या खर्जाला दुसऱ्याने रंग लावावा असे मला तरी वाटत नाही.

काही कामांत प्रीॲम्प खरोखर निर्णायक ठरतो. तानपुऱ्याची जवारी टिपायची आहे, खोली अतिशय शांत आहे आणि हातात रिबन माइक किंवा कमी संवेदनशील डायनॅमिक माइक आहे, अशा वेळी वाढ साठ-सत्तर डेसिबलपर्यंत न्यावी लागते. काही स्वस्त इंटरफेसची वाढ तिथवर पोहोचत नाही किंवा शेवटच्या टप्प्यावर सळसळ एकदम वर येते. रिबन माइकला तर प्रीॲम्पचा इनपुट रोध किती आहे यानेही फरक पडतो. इथे चांगला प्रीॲम्प घेणे शहाणपणाचे. पण घरी बसून गाणाऱ्या किती जणांचे काम हे आहे? ढोलकी, संबळ, झांजा यांना तर उलट अडचण असते. त्यांचा आवाज इतका मोठा की वाढ जवळजवळ शून्यावर आणूनही माइक भरून जातो. तिथे माइक लांब ठेवणे हा सोपा उपाय.

पॉडकास्टच्या लाटेत एक साखळी तयार झाली आहे, ती तरुणांनी नीट समजून घ्यावी. पडद्यावर दिसणारा तो काळा डायनॅमिक माइक मुलगा हौसेने घेतो. माइक उत्तमच आहे. १९८२ च्या 'थ्रिलर'मध्ये मायकल जॅक्सनचा आवाज त्याच घराण्यातल्या एसएम ७ वर घेतला होता. पण त्याला ६० डेसिबल वाढ लागते हे विकत घेईपर्यंत कुणी सांगत नाही. मग आवाज लहान येतो म्हणून पंचवीस डेसिबल वाढवणारी एक डबी घेतली जाते. तरी समाधान होत नाही म्हणून वेगळा प्रीॲम्प. सुरुवातीला त्या डायनॅमिक माइकच्या निम्म्या किमतीचा साधा कंडेन्सर घेतला असता तर या दोन्ही खरेद्या टळल्या असत्या. आणि 'आवाज लहान येतो' ही तक्रारही बहुतेक वेळा खरी नसते. २४ बिटचे रेकॉर्डिंग टेपच्या जमान्यासारखे लाल दिव्यापर्यंत भरावे लागत नाही. सर्वांत मोठी तान उणे १२ पाशी पोहोचली तरी पुरे. नंतर कितीही वाढवता येते. जे लाल दिव्याला लागून फाटले ते मात्र कोणत्याही किमतीच्या यंत्राने शिवता येत नाही.

खोलीचाही हिशेब सांगतो, कारण तो कुणी सांगत नाही. दहा फुटी भिंतींच्या मध्ये ५६ हर्ट्झच्या आसपास एक लाट अडकते, मग तिच्या दुपटीला ११३ ला आणि तिपटीला १६९ ला. लांबी आणि रुंदी सारखी असेल तर दोन्हीकडच्या लाटा एकमेकींवर चढतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज १३९ च्या आसपास असतो. त्यामुळे त्याचे मंद्रातले एखाद-दोन सूर अचानक फुगतात आणि शेजारचे दबतात. प्रीॲम्प बदलून हे सुधारत नाही. जागा बदलून सुधारते. खोलीच्या बरोबर मध्ये आणि भिंतीला चिकटून बसणे टाळले आणि साड्या-शर्टांनी भरलेले कपाट उघडून त्याच्या तोंडाशी उभे राहून गायले, तरी खूप फरक पडतो. हे सगळे करायला एक दुपार लागते.

इतिहासाकडे पाहिले तर ही प्रीॲम्पपूजा आणखीच केविलवाणी दिसते. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणात वीजच नव्हती. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांना ध्वनिमुद्रित केले ते एका कर्ण्यासमोर. माइक नाही, प्रीॲम्प नाही, तीन-एक मिनिटांची तबकडी. तरीही तो आवाज आज ऐकता येतो. उलट अल्लादिया खाँसाहेबांचे पाहा. जयपूर-अत्रौली घराण्याचा हा महामेरू १९४६ पर्यंत होता. तोवर विजेचे माइक येऊन वीस वर्षे झाली होती, मुंबईत ध्वनिमुद्रणाच्या सोयी होत्या. तरी त्यांच्या गाण्याचे एकही ध्वनिमुद्रण आपल्याकडे नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरीच्या, तबकड्यांसाठी गायल्या. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सुवर्ण तबकडीत गेली आणि आज आंतरतारकीय अवकाशात आहे. गुरूचे गाणे आपण वर्णनांतून, शिष्यांच्या गळ्यांतून अंदाजाने बांधतो. खाँसाहेबांची फोनवर घेतलेली, पंख्याच्या घरघरीतली एक बंदिश आज मिळाली, तर महाराष्ट्रातला कोणता गायक "कोणत्या प्रीॲम्पवर?" असे विचारेल?

बाहेरच्या जगातही असेच. जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या घरी, झोपण्याच्या खोलीत, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर दोन साधे माइक लावून गाणी नोंदवली. हेतू एवढाच की बँडला दाखवायला कच्चा मसुदा असावा. पुढे स्टुडिओत सगळ्या सोयींनिशी तीच गाणी करून पाहिली, पण तो आवाज काही सापडेना. शेवटी कॅसेटच 'नेब्रास्का' या नावाने बाजारात आली. २०२० मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळालेला बिली आयलिशचा अल्बमही बहुतांशी तिच्या भावाच्या खोलीतच झाला. तिथले यंत्र सामान्य नव्हते हे खरे, पण ती खोली एका घरातली होती.

आणि आपल्याकडचे सर्वांत जवळचे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे. गी पोइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून काम करत महाराष्ट्रातल्या शेकडो गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पुढे बेर्नार बेल यांच्या साथीने १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रणे टिपणांसह जमा झाली. आज हा खजिना पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संकेतस्थळावर खुला आहे. हिशेब करून पाहा: १२० तासांत लाखभर ओव्या मावत नाहीत. म्हणजे बहुसंख्य ओव्यांचे शब्द उरले, गळा उरला नाही. पिठाची गिरणी गावोगाव आली तेव्हा जाते थांबले, आणि जात्याबरोबर गाण्याचे निमित्त गेले. ज्या बायकांना त्या ओव्या पाठ होत्या त्यांचे वय आज काय असेल? त्यांच्यापैकी कुणाची नातवंडे पुण्या-मुंबईत, बंगळुरूत, न्यू जर्सीत प्रीॲम्पची तुलना वाचत बसली असतील, तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा आजीच्या समोर वीतभर अंतरावर फोन ठेवा, पंखा बंद करा, फोन विमान मोडवर टाका आणि ऐका. मधे कुकरची शिटी झाली तर पुन्हा म्हणायला सांगा. तिला तेवढे आवडेलही.

सार्वजनिक पातळीवर मला एक गोष्ट व्हावीशी वाटते. एक बरा इंटरफेस, दोन माइक, स्टँड, केबली, हेडफोन, चार जाड गोधड्या आणि एक ट्रंक, हे सगळे पन्नास हजारांच्या आसपास बसते. गणेशोत्सवात एका रात्रीच्या डीजेच्या भिंतीवर याहून जास्त खर्च करणारी मंडळे आपल्या आजूबाजूला आहेत. त्यांतल्या एखाद्या मंडळाने एका वर्षी भिंत न लावता ही ट्रंक घेऊन गावच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवावी. पुस्तक जसे नोंदवहीत सही करून नेतात तशी ती आठ-आठ दिवस घरी न्यावी. वापरणाऱ्याला दोन तास शिकवायला संगीत विशारद लागत नाही. ज्या शिक्षकाने किंवा मुलीने एकदा नीट शिकून घेतले आहे, तो पुरतो, ती पुरते. एकेकाने लाखाचा प्रीॲम्प घेऊन कपाटात ठेवण्यापेक्षा शंभर घरांच्या दारातून ही ट्रंक फिरली, तर त्या गावाचा आवाज राहील. भजनी मंडळांनी, महिला बचत गटांनी, शाळांनी हे मनावर घ्यावे. ज्यांच्याकडे महाग यंत्रे आहेत त्यांनी ती लपवू नयेत, आठवड्यातून एक दिवस शेजारच्यांना द्यावीत.

काम सुरू केलेत की दोन गोष्टी विसरू नका. गाणाऱ्या माणसाला आधी सांगा की हे ठेवले जाणार आहे, कुणाकुणाला ऐकवले जाणार आहे, आणि त्याची संमती त्याच्याच तोंडून त्याच फाइलच्या सुरुवातीला नोंदवा: नाव, गाव, तारीख, हे गाणे कुणाकडून शिकला ते. ज्या ओव्या सासू-सुनेच्या भांडणाच्या आहेत, ज्यांत कुणाचे घरचे दुःख आहे, त्या जगासमोर टाकायच्या की नाही हे गाणारीच ठरवेल. ती 'नको' म्हणाली तर ती फाइल घरातच राहील. आणि फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवताना तिसरी गाणारीच्या स्वतःच्या घरी द्यायची आहे. तिच्याकडे संगणक नसेल तर सुनेच्या फोनमध्ये टाका आणि ती कशी लावायची ते तिला समोर बसवून दोनदा करून दाखवा.